बीपीची गोळी आणि दातांवर चढलेली हिरडी

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. हिरड्या सुजल्यात? मोहरीच्या तेलात हळद नि सैंधव कालवून सकाळ-संध्याकाळ चोळा, सात दिवसांत 'वाढलेलं मांस' आपोआप झडून जाईल. खाली नेहमीप्रमाणे जोडलेल्या हातांची रांग. त्यातच एका काकांनी लिहिलं की त्यांच्या पुढच्या हिरड्या वर्षभरात फुगत फुगत अर्ध्या दातावर आल्यात, दुखत नाहीत, ब्रश करताना रक्त येतं, तेल लावून बघतो म्हणे. सगळ्यांनी 'हो हो लावून बघा' केलं, पण एकानेही विचारलं नाही की काका, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी विचारलं. बीपीची, अ‍ॅम्लोडिपिन, दहा एमजी. मग मला राहवलं नाही, ग्रुपवर एवढं टाइप करणं शक्य नव्हतं म्हणून इथे लिहितोय.

किटण साचलं की हिरड्या सुजतात, लाल होतात, रक्त येतं, हे आपल्याला टूथपेस्टच्या जाहिरातींनी पाठ करून दिलंय. काकांचं नुसतं तेवढंच नाही. ही वाढ सुरू होते ती बहुतेक वेळा पुढच्या दोन दातांच्या मधल्या त्रिकोणी टोकापासून, ते टोक गोलसर होतं, शेजारचं टोक फुगतं, दोन्ही एकमेकांना भिडतात आणि दात आखूड दिसायला लागतात. किटणाची सूज नसेल तर हात लावला की घट्ट लागतं, गुलाबी असतं, दुखत नाही, त्यामुळे माणूस वर्षभर तसाच राहतो.

औषधाने हिरडी वाढते हे पहिल्यांदा कळलं ते फिटच्या गोळीमुळे. फेनिटॉइन १९३८ साली फिटवर वापरात आलं आणि १९३९ मध्येच त्याच्या पेशंटांच्या हिरड्या वाढतात अशी नोंद झाली. मग ऐंशीच्या दशकात दोन औषधं त्याच लायनीत आली. एक सायक्लोस्पोरिन, म्हणजे किडनी बदलल्यावर शरीराने ती नाकारू नये म्हणून देतात ते, आणि दुसरं बीपीचं निफेडिपिन. अ‍ॅम्लोडिपिनचं नाव नव्वदच्या दशकात जोडलं गेलं. फेनिटॉइन घेणाऱ्यांत साधारण निम्म्यांना हे होतं, सायक्लोस्पोरिनवाल्यांत पाव किंवा थोडं जास्त, अ‍ॅम्लोडिपिनवाल्यांत शंभरात दोन-तीन. कमी वाटतं ना? पण ही गोळी आपल्याकडे किती घरांत आहे बघा, मग त्या दोन-तीन टक्क्यांत किती माणसं बसतात ते कळेल.

आता गंमत अशी की फिट, किडनी आणि बीपी, तिन्ही औषधांची कामं वेगळी, रेणूंची रचना वेगळी, आणि परिणाम मात्र एकाच जागी, हिरडीवर. का?

हिरडी म्हणजे वरून पातळ त्वचा आणि आत मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रोटीनचे तंतू. हे तंतू विणतात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी, इथपर्यंत शाळेत येतं. शाळेत जे येत नाही ते असं की तीच पेशी जुने तंतू खाते पण. रस्ता बांधणारा आणि तोच रस्ता खणणारा कॉन्ट्रॅक्टर एकच, फक्त इथे खणणं हीसुद्धा त्याची ड्युटी. आणि हिरडीत हे काम त्वचेपेक्षा कितीतरी वेगाने चालतं, कारण चावण्याचा दाब, घासणं, जंतू, सगळं तिथे रोज आदळत असतं, तंतू जुने होऊन चालतच नाहीत. म्हणजे तुमची हिरडी आज जेवढी आहे तेवढीच उद्या दिसते याचं कारण ती स्वस्थ बसलीय असं नाही, बांधणं आणि खाणं तंतोतंत जुळलेलं असतं म्हणून.

खाण्याची पद्धत तर बघण्यासारखी आहे. फायब्रोब्लास्ट आपल्या अंगाचा एक फाटा बाहेर काढते, त्या फाट्यावर अल्फा-टू-बीटा-वन इंटिग्रिन नावाचं प्रोटीन असतं, ते कोलॅजेनच्या तंतूला धरतं, मग पेशीचं आवरण त्या तुकड्याभोवती वळतं, तुकडा आत ओढला जातो, आत लायसोसोम नावाच्या पिशवीत कॅथेप्सिन नावाची एन्झाइम्स त्याचा चुरा करतात. या सगळ्यात नाजूक पायरी आहे धरण्याची. इंटिग्रिन कायम घट्ट पकडीच्या अवस्थेत नसतं, पेशीच्या आत कॅल्शियमची पातळी योग्य असली की ते पकडीच्या अवस्थेत येतं. आणि आपली तिन्ही औषधं, फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन आणि अ‍ॅम्लोडिपिनचं घराणं, आपापल्या वेगळ्या वाटेने पेशीतल्या कॅल्शियमच्या कारभारात लुडबुड करतात. बीपीची गोळी तर नावानेच कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आहे, रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम कमी शिरतं म्हणून वाहिनी सैल पडते, बीपी उतरतो, हे तिचं काम. हिरडीतल्या फायब्रोब्लास्टचं आणि तिचं काही भांडण नाही, पण रक्तातून ती तिथेही पोचते, इंटिग्रिनची पकड ढिली होते, तंतू आत ओढला जात नाही. उंदरांना निफेडिपिन देऊन केलेल्या प्रयोगांत कोलॅजेन बनवणं वाढलेलं दिसलंच नाही, खाणं मात्र मंदावलेलं दिसलं, आणि तरी हिरडी जाड झाली! मला हा निकाल फार आवडतो, कारण वाढ म्हटली की आपण 'जास्त बनतंय' असंच गृहीत धरतो.

शिवाय आणखी एक वाट आहे, ही औषधं पेशीत फोलिक अ‍ॅसिड शिरणं कमी करतात आणि त्यामुळे बाहेरच्या बाहेर कोलॅजेन तोडणारी कोलॅजिनेज एन्झाइम्स नीट कामाला लागत नाहीत, आणि फेनिटॉइनच्या हिरडीत तर सीटीजीएफ नावाचा तंतू वाढवणारा घटकही जास्त सापडतो म्हणजे तिथे बनवण्याची बाजूही थोडी वाढलेली असते, म्हणून फेनिटॉइनची हिरडी जास्त टणक आणि सायक्लोस्पोरिनची जास्त लाल नि मऊ. डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: बांधकाम चालू आणि खणणं बंद.

याच्या नेमका उलटा आजार म्हणजे स्कर्व्ही. वास्को द गामा कालिकतला पोचायच्या आधी, जानेवारी १४९८ मध्ये, आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर त्याची माणसं आजारी पडली, आणि त्या सफरीच्या रोजनिशीत नोंद आहे की त्यांचे हातपाय सुजले आणि हिरड्या दातांवर इतक्या चढल्या की खाता येईना. क जीवनसत्त्व नसलं की कोलॅजेनच्या तीन पदरांचा पीळ टिकत नाही. जुनं खाल्लं जातंय, नवं टिकत नाही, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपतात आणि हिरडी रक्ताने फुगते. वरून दोन्ही तोंडं सारखीच दिसतील, आत एकात खणणं बंद आणि दुसऱ्यात बांधकाम बंद. म्हणून 'हिरडी वाढली' एवढ्यावरून तेल-हळद सांगणाऱ्याला काय झालंय हे माहीतच नसतं. आणि तिसरी शक्यता जास्त वाईट: काही प्रकारच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, कॅन्सरच्या पेशी हिरडीत घुसून ती फुगवतात, कधीकधी आजाराची पहिली खूण तीच असते. यासाठी डॉक्टर आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करायला सांगतात आणि कापलेला तुकडा बायोप्सीला पाठवतात. तेल चोळत घालवलेले दोन महिने तिथे परवडत नाहीत.

आता उपाय. लगेच कापत नाहीत. आधी किटण काढायचं, कारण किटणाची सूज सोबतीला असली की औषधाने होणारी वाढ आणखी जास्त होते. जिथे दात नाहीत तिथे ही वाढ सहसा होत नाही, यावरून अंदाज येतो. मग बीपीच्या डॉक्टरांना विचारून गोळी बदलता येते का बघायचं, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांना हा त्रास नाही. (स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका हो, हिरडी वाढून कोणी मरत नाही, बीपी वाढून मरतात.) बऱ्याच जणांची वाढ काही आठवड्यांत, महिन्यांत उतरते. जी घट्ट तंतूंची झालेली असते ती उतरत नाही, तिथे सर्जरी येते, जिंजिव्हेक्टॉमी, म्हणजे वाढलेली हिरडी कापून काढणं.

माझी मावसबहीण पेरिओडॉन्टिस्ट आहे, म्हणजे हिरड्यांची स्पेशालिस्ट. पेशंटच्या परवानगीने तिच्या खुर्चीमागे उभं राहून मी हे बघितलंय. आधी भूल, लिग्नोकेन आणि त्यात चिमूटभर अ‍ॅड्रेनलिन, रक्त कमी यावं म्हणून. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळी दात आणि हिरडी यांच्या फटीत खाली टेकेपर्यंत घालायची, आकडा बघायचा आणि तेवढ्याच खोलीवर हिरडीच्या बाहेरच्या बाजूला एक टोच मारायचा. रक्ताचा एक थेंब. प्रत्येक दाताला तीन टोच. हळूहळू हिरडीवर लाल ठिपक्यांची वरखाली जाणारी ओळ तयार होते, आणि ती ओळ म्हणजे आतल्या फटीच्या तळाचा बाहेर काढलेला नकाशा. मग कर्कलंड नाइफ, किडनीच्या आकाराचं पातं, ठिपक्यांच्या थोडं पलीकडून लागतं, आणि ते दाताशी साधारण ४५ अंशात तिरकं धरलेलं असतं. सरळ आडवं कापलं तर हिरडीला जाड कंगोरा राहतो, त्यावर अन्न बसतं आणि सगळं पुन्हा सुरू. तिरकं कापलं की कडा पातळ होत दाताला मिळते आणि घास घसरून जातो. दोन दातांच्या मधलं सोडवायला ऑर्बन नाइफ, भाल्याच्या टोकासारखं. पट्टी सुटली की ताई म्हणाली, "आता खरं काम. कापायला काय, कुणीही कापेल." मग बारीक कात्री आणि डायमंड बरने तिने दातादातामधल्या खाचा, कमानी, कडेची जाडी असं कोरत आणलं, याला जिंजिव्होप्लास्टी म्हणतात. शेवटी वर गुलाबी पॅक, म्हणजे जखम झाकणारा लेप, आठवडाभर.

सगळ्यांना हे चालत नाही. हाडाला घट्ट चिकटलेली हिरडी मर्यादित असते, कापताना ती संपून खालच्या हलत्या भागात गेलात तर पंचाईत, किंवा आतलं हाड खडबडीत झालं असेल तर हिरडी पडद्यासारखी उघडून आत काम करावं लागतं, ती फ्लॅप सर्जरी.

भरून येणं मात्र बघत राहावं असं. कापलेली जागा उघडीच असते, टाके नाहीत. वर रक्ताची गुठळी बसते, २४ तासांच्या आत कडेच्या पेशी तिच्याखालून सरकायला लागतात, दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर. पाच ते चौदा दिवसांत वरचा थर झाकला जातो, महिन्याभरात तो पक्का होतो, आतले तंतू पुरते जुळायला सातेक आठवडे. आणि वण जवळपास नाहीच. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी लोकांच्या हाताच्या कातडीवर आणि गालाच्या आत छोट्या जखमा करून तुलना केली तेव्हा दिसलं की तोंडातल्या पेशींत जखम भरायची जनुकं, सॉक्स-टू आणि पिट्क्स-वन सारखी, जखम होण्याच्या आधीपासूनच चालू असतात. मिशरी लावणाऱ्यांनी मात्र या वेगाच्या भरवशावर राहू नये, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम रेंगाळते, आणि हिरडी आजारी असूनही रक्त कमी येत असल्याने वाटतं की सगळं छान आहे.

'वरच्या हिरडीला हात लावला की डोळे जातात' ही भीती अजून घरोघरी आहे, शिकलेल्या घरांतसुद्धा. वरच्या हिरडीची संवेदना नेणारी नस आणि डोळ्यातून दृश्य नेणारी नस या मेंदूतून निघतानाच वेगळ्या, एक पाचवी आणि एक दुसरी. ताईकडचे अर्धे पेशंट चाळिशीपुढचे, म्हणजे ज्यांना तसाही चष्मा लागायचाच असतो, आणि तो लागला की पावती दाताच्या डॉक्टरच्या नावाने फाडली जाते!

दुसऱ्या टोकाला लेझरवाले. लग्नसराईत 'दहा मिनिटांत गमी स्माइल गायब, नो पेन नो ब्लड'. डायोड लेझर चांगलं हत्यार आहे, हिमोग्लोबिन आणि मेलॅनिन त्याचा प्रकाश शोषतात म्हणून कापता कापता रक्त थांबतं. भूल तरीही लागतेच. आणि हसताना हिरडी जास्त दिसते याचं कारण जर दाताच्या मुळाशी हाड उंचावर असणं असेल, तर नुसती हिरडी कापून उपयोग नाही. हाडाच्या काठापासून वर साधारण दोन मिलिमीटर चिकटलेला मांसल पट्टा शरीर राखतंच, १९६१ च्या मोजमापातून हा आकडा आलाय, आणि तुम्ही तो कापलात तर हिरडी परत तिथेच वाढून येते. हाड थोडं कमी करावं लागतं, आणि ते दहा मिनिटांचं काम नाही. तेव्हा पैसे भरायच्या आधी हाड मोजलं का, एवढं विचारा.

काकांनी परवा डॉक्टरांना दाखवलं, सीबीसी नॉर्मल, गोळी बदलून दिलीय, क्लिनिंग झालंय, तीन महिन्यांनी बघू म्हणालेत. कापायची वेळ आली तरी नंतर गोळी तीच आणि ब्रश तसाच राहिला तर वाढ काही महिन्यांत परत येते, कारण फायब्रोब्लास्टची पकड काही सर्जरीने सुधारत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी, दातांच्या मधल्या फटींसाठी वेगळा बारीक ब्रश, आणि सुरुवातीला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या. त्या गुळण्यांनी दातांवर तपकिरी डाग पडतात, घाबरू नका, पुढच्या क्लिनिंगमध्ये निघतात.