लिसा मॅकइनर्नी : पुरस्काराच्या आधीची दहा वर्षं

जून २०१६ मध्ये आयर्लंडच्या लिसा मॅकइनर्नीचं नाव एकदम गाजलं. 'द ग्लोरियस हेरसीज' या तिच्या पहिल्याच कादंबरीला 'बेलीज विमेन्स प्राइझ' हा लेखिकांच्या इंग्रजी कादंबऱ्यांसाठीचा पुरस्कार मिळाला. रक्कम ३० हजार पौंड. अंतिम यादीत बुकर विजेती अ‍ॅन एनराइटही होती. त्याच महिन्यात पहिल्या कादंबरीसाठी दिलं जाणारं डेझ्मंड एलियट पारितोषिकही तिनेच पटकावलं.

सुरुवात मात्र २००६ सालची. 'केल्टिक टायगर'चा, म्हणजे आयर्लंडच्या आर्थिक भरभराटीचा जोर होता, घरांचे भाव गगनाला भिडले होते. त्या काळात गॉलवे भागातल्या सरकारी घरांच्या वसाहतीतलं जगणं लिसा ब्लॉगवर लिहू लागली. ब्लॉगचं नाव 'आर्स एंड ऑफ आयर्लंड'. नाव मुद्दामच शिवराळ, आणि मजकूरही काही सोवळा नव्हे! देशाच्या भरभराटीचे गोडवे गाणाऱ्यांच्या गावीही नसलेली माणसं तिथे आपल्या बोलीत बोलत होती. २००८ मध्ये बँका गडगडल्या, २०१० मध्ये सरकारला युरोपीय संघ आणि नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. मग ही माणसं सगळ्यांनाच दिसू लागली.

हे लेखन कथाकार केविन बॅरीच्या नजरेत भरलं. त्याने तिच्याकडे कथा मागितली आणि स्वतः संपादित केलेल्या 'टाउन अँड कंट्री' (२०१३) या संग्रहात छापली. लिसाच्या वाटचालीतला खरा टप्पा मला हाच वाटतो.

दुसरा धागा तिच्या जन्माचा. ती १९८१ ची, आई अविवाहित. तिला वाढवलं आजीआजोबांनी. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलावरचा 'अनौरस' हा कायदेशीर शिक्का आयर्लंडने पुसला तो १९८७ च्या कायद्याने. कादंबरीतली मॉरीन याच जुन्या आयर्लंडची. लग्नाआधी मूल झालं म्हणून तिला देशाबाहेर धाडलेलं, मुलगा हातातून गेलेला. तोच मुलगा पुढे कॉर्क शहरातला गुंड होतो आणि चाळीस वर्षांनी आईला परत आणतो. घरात घुसलेल्या माणसाला मॉरीन हाताला लागलेल्या धार्मिक शोभेच्या दगडाने ठार मारते, आणि तिथून कथानक पेटतं. चर्चवरचा एवढा थेट राग, तोही हसवत हसवत, क्वचितच वाचायला मिळतो.

पुढे 'द ब्लड मिरॅकल्स' (२०१७) आणि 'द रूल्स ऑफ रेव्हलेशन' (२०२१) या कादंबऱ्यांनी कॉर्कची ही त्रयी पूर्ण केली.