‘मध्ये पडणारा’ कोणी नव्हता : यशया ५९:१६ ची पार्श्वभूमी

बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचे ५६ ते ६६ हे अध्याय बहुतेक अभ्यासक बाबेलच्या बंदिवासानंतरच्या यरुशलेमात ठेवतात. यहूद्यांना परतण्याची परवानगी इ.स.पू. ५३८ मध्ये मिळाली, मंदिर ५१५ मध्ये उभे राहिले. ५९ व्या अध्यायातली तक्रार घरचीच आहे : खोटे दावे, निर्दोषांचे रक्त, चौकात अडखळून पडलेले सत्य. देव पाहतो तर कोणी माणूस नाही, कोणी ‘मफगीअ’ (मूळ हिब्रू शब्द) नाही. मग त्याचाच भुज तारण साधतो.

सगळा घोळ या ‘मफगीअ’च्या अर्थाचा : विनवणी करणारा, की मध्ये पडणारा? मूळ धातू ‘पागा’. मराठीत त्याला सर्वांत जवळचे क्रियापद ‘गाठणे’. वाटेत कोणी भेटतो तेही गाठणे, दबा धरून हल्ला करतो तेही गाठणे, आणि कामासाठी साहेबाला गाठतो तेही. याकोब एका जागी येऊन पोहोचतो (उत्पत्ती २८:११), शौलाचे सेवक याजकांवर हात टाकायला नकार देतात (१ शमुवेल २२:१७), रूथ सासूला म्हणते, मला गळ घालू नका (रूथ १:१६). तिन्हीकडे धातू हाच. यिर्मया ७:१६ मध्ये तर देवच संदेष्ट्याला सांगतो, या लोकांसाठी माझी मनधरणी करू नकोस. ‘मफगीअ’ हे याच धातूचे प्रयोजक रूप. यिर्मया ३६:२५ मध्ये ते राजाला विनवणाऱ्या सरदारांसाठी येते, पण ईयोब ३६:३२ मध्ये विजेच्या माऱ्याच्या संदर्भात. त्यामुळे रूपावरून निकाल लागत नाही.

जुन्या भाषांतरांनीही तो एकमुखाने लावलेला नाही. ग्रीक भाषांतर ‘साहाय्य करणारा’ म्हणते, लॅटिन ‘सामोरा जाणारा’. ‘विनवणी करणारा’ हा अर्थ इंग्रजी वाचकांत रुजवण्यात १६११ च्या किंग जेम्स भाषांतराचा मोठा वाटा. प्रार्थनासभांत हे वचन एकटे उचलले जाते, तेव्हा हाच अर्थ गृहीत असतो. ६३:५ शेजारी ठेवून पाहावे : वाक्यरचना तीच, पण तिथे ‘साहाय्यक’ आणि ‘आधार देणारा’ नाही. म्हणजे उणीव प्रार्थनेपेक्षा अन्यायाच्या आड येणाऱ्या माणसाची असावी. ‘मध्यस्थ’ म्हटले की तडजोड घडवणारा, दोन्ही बाजूंचा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे हवा होता भांडणात मध्ये पडणारा. ५३:१२ मध्ये याच धातूचे रूप अपराध्यांसाठीच्या विनवणीला येते, हा विरुद्ध बाजूचा भक्कम मुद्दा. पण त्याच अध्यायात सहा वचने आधी तेच क्रियापद अपराध ‘लादण्या’साठी वापरलेले आहे.

पुढे तालमूद या यहूदी ग्रंथात (सनहेद्रिन ९८अ) हे वचन वेगळ्याच कामी आले : मसीहा एकतर पूर्ण निर्दोष पिढीत येईल किंवा पूर्ण दोषी, दुसऱ्या शक्यतेला आधार ५९:१६ चा. ख्रिस्ती परंपरेत १ तीमथ्य २:५ मधला ‘एकच मध्यस्थ’ याच्याशी जोडला जातो, जरी ते पत्र हे वचन उद्धृत करत नाही. ठळक धागा आहे तो पुढच्या, १७ व्या वचनाचा. तिथे देव चार गोष्टी अंगावर चढवतो : नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, तारणाचे शिरस्त्राण, सुडाची वस्त्रे, आवेशाचा झगा. इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात उरस्त्राण आणि शिरस्त्राण विश्वासणाऱ्यांच्या अंगावर येतात, सोबत कमरबंद, पादत्राणे, ढाल आणि तलवार. सुडाची वस्त्रे त्या यादीत नाहीत.