शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३(३) मध्ये ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. पीक राखण्याचा हेतू खरा असेल आणि नकाराचं कायदेशीर कारण नसेल, तर परवाना द्यावा असं ते कलम सांगतं. तरी कोकणातल्या कित्येक फायली पडून राहतात, त्या बहुधा जमिनीच्या तपशिलापायी.

अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या गुन्ह्यात कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यावर ५ वर्षं परवाना मिळत नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर अर्ज फेटाळता येत नाही. कलम १४ तसं स्पष्ट सांगतं.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, नमुना एस-३ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ७/१२ आणि ८अ. हेतूच्या रकान्यात फक्त ‘शेतीसंरक्षण’ लिहा. ‘स्वसंरक्षण’ जोडलंत की धोक्याचा पुरावा मागतात आणि प्रकरण भलतीकडे जातं.

प्रत्येक गट नंबर, गाव, क्षेत्र आणि पीक वेगळं लिहा. बाग एका गावात, भातशेती दुसऱ्या गावात असेल तर दोन्ही गावं हवीत, कारण परवान्यात नोंदलेल्या हद्दीबाहेर बंदूक नेणं हा शर्तभंग. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती कार्यालयाने मागायच्या आधीच जोडा. पुढे पोलीस पडताळणी होते. नकार आला तर कारणं लेखी घ्या आणि ३० दिवसांत अपील करा.

परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारायची मुभा मिळाली असं नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

वडिलांच्या पश्चात त्यांची बंदूक तशीच माळ्यावर ठेवणं हा गुन्हा आहे. आधी ती पोलीस ठाण्यात जमा करा, मग इतर वारसांच्या ना-हरकतीसह स्वतःच्या नावे अर्ज करा. परवानाधारक हयात असला तरी त्याचं वय ७० झाल्यावर किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाल्यावर वारसाला अर्ज करता येतो. चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी) जुनी बंदूक ‘शोभेची’ म्हणून सुटेल असं धरू नका. दुरुस्त करून चालण्याजोगी असेल तर तिलाही परवाना लागतो.

नळीवरचा नंबर परवान्यातल्या नंबराशी ताडून बघा. नंबर पुसट झाला असेल तर नूतनीकरणाला अडचण होते. मुदत ५ वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज ६० दिवस आधी द्या.

निवडणुकीत बंदूक जमा करायची नोटीस आली की आधी निपलवरची (नळीच्या मागच्या बाजूच्या बोंडावरची) केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, काढा. मग गज (दारू ठासायची सळई) नळीत घाला. रिकाम्या नळीत तो जितका आत जातो त्याची खूण आधीच करून ठेवलेली असावी. खूण तोंडाबाहेर राहिली तर दारू आत ठासलेली आहे. जाणकाराकडून ती काढून घेतल्याशिवाय बंदूक ठाण्यात नेऊ नका.