विमानाचे दोन ड्रॅग आणि पंखाच्या टोकाचा घोळ

लातूरकडच्या एका शेतातल्या शेडमध्ये मागच्या हिवाळ्यात एक दोन आसनी विमान पाहिलं. एका पोराने नोकरी सांभाळून तीन वर्षं राबून ते उभं केलंय, आणि रिव्हेटच्या ओळी इतक्या सरळ की हात फिरवत राहावंसं वाटलं. उड्डाणाच्या परवानगीचे कागद अजून व्हायचे होते. मधल्या वेळेत त्याने पंखांच्या दोन्ही टोकांना फायबरचे विंगलेट, म्हणजे टोकाशी वर वळवलेल्या उभ्या पात्या, बसवले होते, दोन महिने घासून, पुट्टी भरून, रंगवून. खाली मात्र चाकं उघडी होती. पाय गोल पाइपचे, आणि ब्रेकची नळी त्या पाइपाला बाहेरून बांधलेली.

मी विचारलं, "हे विंगलेट कशासाठी?"

"ड्रॅग कमी करायला, सर. एवढ्या मोठ्या विमानांना लावतेत म्हणल्यावर फायदा असंलच की."

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा नीट लिहून काढतो. मुंबईतल्या घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी विमान बांधलं, तेव्हापासून आपल्याकडची पोरं या वेडाकडे गंभीरपणे बघायला लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्यांचे दोन-दोन महिने चुकीच्या टोकाला खर्च होताना बघवत नाही. सगळा घोळ एकाच गोष्टीचा आहे: ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, हा एक नसतो, दोन असतात. दोघांची कारणं वेगळी, वागणूक एकमेकांच्या उलटी, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला जवळपास लागू पडत नाही.

पहिला पॅरासाइट ड्रॅग. हा तुम्हाला माहीत आहे. मोटरसायकल ऐंशीच्या पुढे गेली की छातीवर जो हवेचा रेटा येतो, तोच. वस्तूचा आकार, पृष्ठभागाचं घर्षण आणि सांध्यांतले भोवरे मिळून तो तयार होतो आणि वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर हा चौपट. यावर फार लिहीत नाही, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गोल पाइप किंवा तार ही हवेच्या दृष्टीने भयंकर वस्तू आहे. तिच्या साधारण दहापट जाडीचा, माशासारखा निमुळता केलेला आडवा छेद तेवढाच ड्रॅग देतो. म्हणजे बोटाएवढी उघडी नळी वीतभर जाडीच्या निमुळत्या खांबाइतकी महाग पडते.

दुसरा इंड्यूस्ड ड्रॅग. इथे लोक अडखळतात आणि पुस्तकंही त्यांना अडखळवतात. सर्रास सांगितलं जातं ते असं: पंखाखाली दाब जास्त, वर कमी, त्यामुळे टोकाकडून हवा वर गळते, भोवरा होतो, आणि तो भोवरा म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा विचार आपोआप येतो: टोकाला भिंत उभी करा, गळती बंद, ड्रॅग गायब. या "गळती"च्या चित्राचा मला मनस्वी राग आहे. भोवरा खरा आहे, पण तो परिणाम आहे. कारण दुसरीकडेच आहे.

कारण समजून घ्यायला आपल्या काळ्या रानात या. मृग बरसून गेलाय आणि तुम्ही बांधावरून वावरात उतरलात. पाय रुततो, कारण खालचा चिखल तुमचं वजन पेलताना दबतो आणि बाजूला सरकतो. प्रत्येक पावलाला तुम्ही स्वतःच पाडलेल्या खड्ड्यातून वर चढत असता, आणि दम त्यानेच लागतो. हवाही अशीच दबते. विमान हवेत टिकतं ते हवेला सतत खाली ढकलून. खाली ढकललेल्या हवेत जी ऊर्जा गेली ती इंजिनाकडूनच आली, आणि तीच इंड्यूस्ड ड्रॅगची किंमत. गळती असो वा नसो, वजन उचलायचं तर ही किंमत चुकत नाही.

आता हिशोब. ५०० किलो वजनाचं, टोकापासून टोकापर्यंत ८ मीटर पंखांचं विमान धरू. ताशी २१६ किलोमीटर वेगाला त्याचे पंख सेकंदाला ढोबळमानाने ३७०० किलो हवेला हात घालतात, आणि तिला खाली सेकंदाला सव्वा ते दीड मीटरचा हलका रेटा दिला की काम भागतं. वेग निम्मा करा, १०८. आता सेकंदाला निम्मीच हवा हाताशी येते, वजन मात्र तेच. म्हणून रेटा दुप्पट द्यावा लागतो. ऊर्जा रेट्याच्या वर्गाने वाढते, त्यामुळे निम्म्या हवेला दुप्पट रेटा देणं एकूण दुप्पट महाग पडतं. ही किंमत निम्म्या वेगात चुकवायची असल्याने ड्रॅग चौपट होतो. म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग वेगाच्या वर्गाने कमी होत जातो. पहिल्याच्या बरोबर उलट.

याच विमानाचे आकडे समुद्रसपाटीच्या हवेत मांडले, तर २१६ च्या वेगाला पॅरासाइट ड्रॅग सुमारे ६७ किलो आणि इंड्यूस्ड सुमारे ७ किलो. १०८ ला पॅरासाइट १७ आणि इंड्यूस्ड जवळजवळ २८. दोन्ही समान होतात ते १२२ च्या आसपास. हा तक्ता मी प्रत्येकाला शेडच्या भिंतीवर खडूने लिहायला लावतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

विंगलेटने इंड्यूस्ड ड्रॅग १० टक्के कमी झाला असं मोठ्या मनाने धरू. क्रूझला, म्हणजे सरळ प्रवासाच्या २१६ च्या वेगाला, ७ किलोतले ७०० ग्रॅम वाचले. एकूण ७४ मधले ७०० ग्रॅम. वेगाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे मिळकत ताशी अर्धा-पाऊण किलोमीटर, तीसुद्धा विंगलेटचा स्वतःचा घर्षणाचा ड्रॅग धरला नाही तर. तो धरला की हाती शून्य येतं, किंवा पदरचं जातं. याउलट चाकांवर व्हील पँट (चाक झाकणारं निमुळतं कवच), पायांवर निमुळत्या फेअरिंग (हवा सरकवणारी आवरणं) आणि सांध्यांवर गोलाई दिली, त्यातून पॅरासाइट ड्रॅगमधले ११ किलो गेले, तर त्याच इंजिनावर ताशी १२ किलोमीटर मिळतात.

मग मोठ्या विमानांचं काय? छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरणाऱ्या एअरबस ए-३२० च्या पंखांना अडीच मीटरच्या आसपास उंचीची वळलेली टोकं असतातच की. असतात, आणि तिथे ती योग्यच आहेत. ते विमान ३५,००० फुटांवरच्या विरळ हवेत, भरपूर वजन घेऊन, तासन् तास उडतं. त्याच्या क्रूझमधल्या ड्रॅगचा चाळीसेक टक्के भाग इंड्यूस्ड असतो. तुमच्या विमानाचा दहाच्या आत. शिवाय विमानतळावर त्या वर्गाच्या विमानाला ३६ मीटरच्या आतच बसावं लागतं. वळलेल्या टोकांसकट ए-३२० चा पंखविस्तार ३५.८ मीटर आहे. लांबी वाढवायला जागाच उरली नाही म्हणून ते वर गेले. तुमच्या शेडला तसलं बंधन नाही. फार तर दार रुंद करावं लागेल.

कोणी अमेरिकन विमान-डिझायनर बर्ट रुटानच्या १९७५ च्या व्हेरीइझी विमानाचा दाखला देतो. नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्बची विंगलेटची कल्पना त्या घरगुती विमानाने फार लवकर उचलली, हे खरं. पण त्या विमानाला मागे उभं शेपूटच नाही. रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारे फळे, विंगलेटवरच बसवलेले आहेत. शेपटाचं काम करणारी वस्तू टोकाला आहे, तर ती टोकाचंही काम करते. तुमच्या विमानाला शेपूट आधीच आहे.

माझ्या मते घोळाचं खरं मूळ मात्र कॉलेजांतल्या रेडिओ कंट्रोल मॉडेलांच्या स्पर्धांत आहे. तिथे जास्तीत जास्त वजन कमीत कमी वेगात उचलायचं असतं, म्हणजे सगळा खेळ इंड्यूस्ड ड्रॅगच्या अंगणात. पंखांच्या लांबीवर नियमाने बंधन असेल तर तिथे टोकाच्या पट्ट्या उपयोगी पडतात. पोरं तो अनुभव प्रामाणिकपणे माणूस वाहणाऱ्या विमानावर आणतात. चूक त्यांच्या मेहनतीत नाही. वेगाची बाजू बदलली, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आता एक न्याय्य प्रश्न. आपल्याकडे उन्हाळा असा आहे की क्रूझपेक्षा चढाईची चिंता जास्त. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या थोडा वर आहे. मे महिन्यात ४२ अंशाला तिथली हवा विमानाला ५६०० फुटांवरच्या हवेसारखी लागते. इंजिन दमतं, प्रोपेलर कमी ओढतो, धावपट्टी संपत येते. चढाईच्या १३० च्या वेगाला इंड्यूस्ड ड्रॅग एकूणच्या निम्म्याच्या जवळ असतो. मग इथे तरी विंगलेट हवं ना?

इथे इंड्यूस्ड ड्रॅग कमी करणं खरंच फायद्याचं आहे, पण त्याचे दोन सरळ उपाय आधी आहेत. चिखलाचं उदाहरण पुन्हा घ्या. ट्रॅक्टर रुतायला लागला तर चाकाच्या कडेला पत्रा उभा करून फारसं साधत नाही. चाक रुंद करा, नाहीतर ट्रॉलीतला माल उतरवा. विमानात रुंद चाक म्हणजे पंखांची लांबी. इंड्यूस्ड ड्रॅग लांबीच्या वर्गाने कमी होतो. ८ चे ९ मीटर केले तर २१ टक्के गेला. पण हे आराखड्याच्या वेळी ठरवायचं काम आहे. झालेल्या पंखाला टोकाशी तुकडा जोडला की मुळाशी वाकवणारा जोर वाढतो, फ्लटरचा, म्हणजे पंख थरथरून तुटू शकण्याचा, वेग बदलतो, आणि मूळ गणित मोडतं. विंगलेटही तोच जोर थोडा वाढवतो, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. नव्याने ताकदीचा हिशोब केल्याशिवाय टोकाला हात लावू नका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही.

माल उतरवणं मात्र आजही जमतं. इंड्यूस्ड ड्रॅग वजनाच्या वर्गाने चालतो. ५०० किलोतले २५ किलो काढले की तो पावणेदहा टक्क्यांनी उतरतो, म्हणजे आपण विंगलेटला मोठ्या मनाने जेवढं श्रेय दिलं तेवढाच. वर चढाईत उचलायचं ओझंही कमी झालं, आणि पंखाच्या मुळावरचा भारही. लातूरच्या त्या विमानात मी पुट्टीचे थर, जाड गालिचा, मोटारीची जड सीट आणि गरजेपेक्षा मोठी बॅटरी एवढं नुसतं नजरेने मोजलं. पंचवीस किलो तिथेच पडले होते.

व्होर्टेक्स जनरेटरचा गोंधळ छोटा आहे. पंखावर चिकटवायच्या त्या बोटभर पात्या स्टॉल, म्हणजे हळू वेगात पंखाची उचल तुटणं, लांबवतात, म्हणजे विमान आणखी हळू उडू शकतं. त्यांनी क्रूझचा वेग वाढत नाही, झाला तर किंचित कमी होतो. आखूड पट्टीवर उतरायचं असेल तर लावा.

पॅरासाइटच्या बाजूने कुठून सुरुवात करायची याबद्दल माझं मत ठाम आहे: आधी चाकं आणि पाय, मग इंजिनाच्या थंडाव्याची हवा, मग सांधे, आणि रंगाची चकाकी अगदी शेवटी. थंडाव्याच्या बाबतीत एक सावधगिरी. थंड देशांतले फोटो पाहून काऊलिंगची, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाची, पुढची तोंडं लहान करणारे लोक मला भेटतात. आपल्या उन्हात सिलिंडर हेड भाजून निघतील. तोंडं तशीच ठेवा आणि आतल्या बॅफलच्या, म्हणजे हवा वळवणाऱ्या पत्र्यांच्या, फटी रबराच्या पट्टीने नीट बंद करा. शिरलेली जी हवा सिलिंडरवरच्या पात्यांमधून न जाता बाजूने सटकते, ती म्हणजे फुकटचा ड्रॅग.

मोजणी पहाटे करा, वारा सुटायच्या आत. एका वेळी एकच बदल, तीच उंची, तेच आरपीएम, उलटसुलट दिशांना जीपीएसवर वेग. वेगाच्या काट्यावर विश्वास ठेवून "दहा वाढले" म्हणू नका. नवी फेअरिंग स्टॅटिक छिद्राजवळची (वेगाच्या काट्यासाठी बाहेरचा दाब घेणाऱ्या छिद्राजवळची) हवा बिघडवते आणि काटा खोटं बोलू लागतो. केलेल्या बदलाची नोंद लॉगबुकात आणि परवानगीच्या कागदांत त्याच दिवशी करा.

त्या पोराने विंगलेट उतरवलेत. टोकं पुन्हा साधी गोल केली आणि व्हील पँटचा साचा थर्मोकोलमध्ये कापायला घेतलाय. मी त्याला टायरभोवती अंगठाभर मोकळी जागा सोडायला सांगितलं, आणि चार स्क्रूत अख्खी पँट निघेल अशी बसवायला. त्याची धावपट्टी काळ्या मातीची आहे. जून ते सप्टेंबर पँट काढूनच ठेवावी लागेल. आपली माती एकदा आत बसली की चाक धरून ठेवते, आणि विमान उतरताना नाकावर जातं.