कॅम्पस नेटवर्कवर स्वतःचे डिव्हाइस कसे नोंदवायचे: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडकतो

विद्यापीठाच्या नेटवर्कवर स्वतःचा लॅपटॉप, फोन, टीव्ही किंवा गेमिंग कन्सोल जोडायचा तर बहुतेक ठिकाणी तो आधी नोंदवावा लागतो. अर्ज पाच मिनिटांचा असतो. तो अडकतो ते फॉर्ममधल्या एकाच रकान्यामुळे: मॅक ॲड्रेस, म्हणजे डिव्हाइसच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक. नोंदवलेला पत्ता एक आणि डिव्हाइस नेटवर्कला दाखवते तो दुसरा, असे झाले की बाकी सगळे बरोबर असूनही इंटरनेट चालत नाही. म्हणून आधी पत्ता पक्का करायचा आणि मगच फॉर्म उघडायचा.

नोंदणी मुळात लागते का?

कॅम्पसवर सहसा दोन प्रकारचे नेटवर्क असतात. पहिल्यात तुमचे विद्यापीठाचे युजरनेम आणि पासवर्ड टाकून लॉगिन होते. याला ८०२.१एक्स किंवा एंटरप्राइझ वायफाय म्हणतात, एडुरोम (अनेक विद्यापीठांत एकाच लॉगिनवर चालणारे वायफाय) हेही याच प्रकारात येते. तिथे ओळख माणसाची पटवली जाते, त्यामुळे फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप बहुधा वेगळे नोंदवावे लागत नाहीत. दुसरा प्रकार लॉगिनचे पान उघडू न शकणाऱ्या वस्तूंसाठी असतो: स्मार्ट टीव्ही, स्ट्रीमिंग स्टिक, गेमिंग कन्सोल, स्मार्ट स्पीकर, काही प्रिंटर. यांना युजरनेम विचारायची सोय नसते म्हणून ओळख मॅक ॲड्रेसवरून पटवतात. हॉस्टेलच्या खोलीतले केबलचे पोर्टही पुष्कळ ठिकाणी याच पद्धतीने चालते. काही संस्था मात्र सरसकट प्रत्येक डिव्हाइस नोंदवायला लावतात, तेव्हा आधी आपल्या संस्थेचा नियम वाचा. गरज नसताना फोन नोंदवला तर डिव्हाइसच्या संख्येच्या मर्यादेतली एक जागा फुकट जाते.

पात्रता आणि कागदपत्रे

चालू प्रवेश असलेले विद्यार्थी आणि सेवेतले कर्मचारी स्वतःच अर्ज करू शकतात. पाहुणे संशोधक आणि अल्पकालीन अभ्यासक्रमाचे विद्यार्थी यांच्यासाठी विभागातल्या कोणीतरी प्रायोजक म्हणून मंजुरी द्यावी लागते, आणि त्यांची नोंदणी मुक्कामाच्या तारखेपुरतीच असते. माजी विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी फक्त पाहुण्यांचे वायफाय मिळते. नव्याने प्रवेश घेतलेल्यांची एक नेहमीची अडचण असते: शुल्क भरलेले असते, पण विद्यार्थी खाते अजून सुरू झालेले नसते. अशा वेळी नेटवर्क विभागात खेटे घालून उपयोग नाही. खाते प्रवेश विभागाच्या यादीवरून तयार होते, चौकशी तिकडेच करायची.

हाताशी ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत: विद्यापीठाचे युजरनेम आणि पासवर्ड, ओळखपत्रावरचा क्रमांक, हॉस्टेलमध्ये असाल तर इमारत, खोली आणि भिंतीवरच्या पोर्टचा क्रमांक, डिव्हाइसचा प्रकार आणि मॅक ॲड्रेस. वापराच्या नियमांना संमतीही द्यावी लागते. ती न वाचता टिक करण्याची सवय असते, पण त्यात एक वाक्य महत्त्वाचे असते: तुमच्या नावावर नोंदवलेल्या डिव्हाइसवरून जे काही होईल त्याची जबाबदारी तुमची. रूममेटचा कन्सोल आपल्या नावावर घेण्याआधी हे आठवावे.

मॅक ॲड्रेस नेमका कोणता?

मॅक ॲड्रेस बारा अक्षरांचा असतो, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहितात. त्यात ० ते ९ हे आकडे आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरे येतात. ओ हे अक्षर त्यात कधीच नसते. गोल दिसले की ते शून्य समजा. टीव्हीच्या पडद्यावरून किंवा खोक्यावरच्या लेबलवरून उतरवताना ८ आणि इंग्रजी बी यांची अदलाबदल हमखास होते. जोड्यांमध्ये कोलन असो की आडवी रेघ, बहुतेक पोर्टल दोन्ही स्वीकारतात. नाहीच स्वीकारले तर खुणा काढून बारा अक्षरे सलग लिहून पाहा.

एकाच लॅपटॉपला दोन-तीन पत्ते असतात: वायफायचा वेगळा, केबलचा वेगळा, ब्लूटूथचा आणखी वेगळा. पैकी वायफाय आणि ब्लूटूथचे पत्ते पुष्कळदा शेवटच्या एखाद्या अक्षराने वेगळे असतात आणि घाईत ब्लूटूथचाच उतरवला जातो. पातळ लॅपटॉपला केबलसाठी यूएसबी अडॅप्टर लावत असाल तर सहसा पत्ता त्या अडॅप्टरचा असतो, म्हणजे अडॅप्टर बदलला की नोंदणीही नव्याने. फोनचा आयएमईआय क्रमांक तर इथे अजिबात चालत नाही, तो पंधरा आकड्यांचा असतो.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज असे गेले की शेवटी फिजिकल ॲड्रेस दिसतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे वायफाय ॲड्रेस असतो. अँड्रॉइडवर अबाउट फोनमध्ये शोधा, मेनूची नावे कंपनीनुसार थोडी बदलतात. कन्सोल आणि टीव्हीवर तो नेटवर्क किंवा सिस्टिमच्या माहितीत मिळतो.

आता खरी मेख. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खरा पत्ता न दाखवता बनावट, यादृच्छिक पत्ता दाखवतात. सार्वजनिक वायफायवर कोणी माग काढू नये म्हणून केलेली ही चांगली सोय आहे, पण मॅक नोंदणीच्या मुळावर येते. तुम्ही अबाउटमधला खरा पत्ता नोंदवता, फोन दुसराच दाखवतो आणि पोर्टल म्हणते, हे डिव्हाइस अनोळखी. ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता जवळजवळ नक्कीच बनावट.

उपाय दोन. आयफोनवर कॅम्पसच्या वायफायच्या नावापुढची आय ही खूण दाबून प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस बंद करा. अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डिव्हाइस मॅक किंवा फोन मॅक निवडा. मग वायफाय बंद-चालू करून पुन्हा जोडा. दुसरा उपाय म्हणजे आयओएस १८ मधला फिक्स्ड पर्याय निवडून त्या नेटवर्कपुढे दिसणारा पत्ताच नोंदवणे. हे चालते, पण नेटवर्क सेटिंग्ज रिसेट केल्या की पत्ता बदलतो. शिवाय दुसऱ्या नावाच्या वायफायसाठी तो वेगळा असतो. आमचा कल पहिल्या उपायाकडे आहे. सोय फक्त कॅम्पसच्या नेटवर्कपुरती बंद होते, बाकी ठिकाणी ती चालूच राहते.

अर्ज भरताना

आधीच जोडलेल्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून नोंदणी पोर्टल उघडा, लॉगिन करा, नवे डिव्हाइस निवडा, प्रकार आणि पत्ता भरा. नावाच्या रकान्यात ‘माझे डिव्हाइस’ असे लिहू नका. सहा महिन्यांनी यादीतून नेमके कोणते काढायचे हे कळत नाही. ‘खोलीतला टीव्ही, वायफाय’ असे लिहा. जमा केल्यावर नोंद नेटवर्कभर पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढे थांबून डिव्हाइस पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर ते जुनाच आयपी पत्ता (नेटवर्कने डिव्हाइसला दिलेला क्रमांक) धरून बसते. केबल असेल तर ती काढून पुन्हा लावा.

लॉगिनचे पान स्वतःहून उघडलेच नाही तर आधी व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करा. या दोन्हींमुळे ब्राउझरला त्या पानाकडे वळवता येत नाही. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पासवर्ड तपासत बसू नका: डिव्हाइसला नेटवर्ककडून पत्ताच मिळालेला नाही, दोष केबल, पोर्ट किंवा नोंदणीत आहे. स्मार्ट प्लगसारख्या बऱ्याच स्वस्त वस्तू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांना वायफायचे नावच दिसत नसेल तर तिथे फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू असण्याची शक्यता पाहा.

एंटरप्राइझ वायफायवर फोन जोडताना सर्टिफिकेट, म्हणजे समोरचे नेटवर्क खरे असल्याचा पुरावा, न तपासण्याचा पर्याय दिसला तरी घेऊ नका. त्याच नावाचे खोटे वायफाय लावून कोणीही तुमच्या लॉगिनवर डल्ला मारू शकतो. सिस्टिम सर्टिफिकेट निवडा आणि डोमेनच्या रकान्यात संस्थेने दिलेले नाव जसेच्या तसे लिहा. एडुरोमसाठी युजरनेम ॲट या चिन्हासह पूर्ण हवे. अर्धे युजरनेम आपल्या कॅम्पसवर कदाचित चालेल, दुसऱ्या विद्यापीठात नाही.

पासवर्ड बदलताना आणखी एक घोळ होतो. जुना पासवर्ड साठवलेला टॅबलेट बॅगेत पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा लॉगिनचा प्रयत्न करतो आणि खातेच लॉक होते. आधी सगळ्या डिव्हाइसचे वायफाय बंद करा, पासवर्ड बदला, मग एकेकावर जुनी नोंद पुसून नव्याने जोडा.

स्वतःचा राउटर लावायला जवळपास सगळीकडे मनाई असते आणि ती उगाच नाही. राउटरचे लॅन पोर्ट चुकून भिंतीतल्या पोर्टला जोडले तर तो शेजारच्या खोल्यांनाही आपलेच आयपी पत्ते वाटू लागतो आणि त्यांचे इंटरनेट बंद पडते. अशा वेळी नेटवर्क विभाग सहसा पोर्टच बंद करतो.

मुदत आणि तक्रार

नोंदणी कायमची नसते. सत्र किंवा शैक्षणिक वर्ष संपले की ती संपते, तेव्हा सुट्टीनंतर टीव्ही अचानक बंद पडला तर आधी तारीख बघा. डिव्हाइसच्या संख्येची मर्यादा भरली असेल तर जुने काढल्याशिवाय नवे घेता येत नाही. लॅपटॉप विकला किंवा दुरुस्तीत वायफाय कार्ड बदलले तर जुनी नोंद त्याच दिवशी काढा, कारण संमतीतली जबाबदारी नोंद असेपर्यंत चालू राहते.

एवढे करूनही जमले नाही तर हेल्पडेस्कला ‘नेट चालत नाही’ एवढेच कळवू नका. मॅक ॲड्रेस, इमारत आणि खोली, वायफायचे नाव, प्रयत्न केल्याची नेमकी वेळ आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो पाठवा. वेळ असली की त्यांना लॉगमध्ये तुमचा प्रयत्न लगेच सापडतो. पासवर्ड मात्र पाठवू नका, तो त्यांना लागत नाही.