सिम्युलेटरवरचा सराव वेगळा, डावपेचांची चाचणी वेगळी

लढाऊ वैमानिक सिम्युलेटरमध्ये बसला म्हणजे सराव करतोय, असं बहुतेकांना वाटतं. पण त्याच पडद्यासमोर दुसरंही एक काम चालतं: नवे डावपेच शोधणं आणि पारखणं. या दोन्हींची गल्लत झाली की सिम्युलेटरमधल्या ‘विजया’च्या बातम्या आपण चुकीच्या वाचतो.

सरावात उत्तर आधीच ठरलेलं असतं. इंजिनाला आग लागली तर काय करायचं, हे लिहून ठेवलेलं आहे. ते वैमानिकाच्या अंगात किती मुरलंय एवढंच प्रशिक्षक पाहतो. चाचणीत मात्र कस लागतो तो डावाचा. त्यामुळे वैमानिक कसलेला हवा, आणि समोरचा शत्रू खरोखर जिंकायला निघालेला. ठरवून हरणारा शत्रू इथे काही कामाचा नाही.

ही पद्धत संगणकाहून जुनी आहे. 1941 मध्ये अमेरिकी नौदलाचे जॉन थॅच चपळ जपानी झिरो विमानांवरचा तोड घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून शोधत होते. विमानांच्या दोन जोड्या एकमेकींच्या दिशेने वळल्या, तर पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्या जोडीच्या तोफांसमोर येतो, हे त्यांना तिथे दिसलं. मग त्यांनी ते आकाशात तपासलं, तेही स्वतःच्या बाजूच्या विमानांची ताकद मुद्दाम रोखून, म्हणजे झिरोसमोरचा कमीपणा खराखुरा राहील. जून 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत त्यांनी तोच डाव वापरला. चाचणी कशी असावी, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता ऑगस्ट 2020 कडे पाहा. डार्पाच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या, ‘अल्फाडॉगफाइट’ स्पर्धेत हेरॉन सिस्टिम्स या कंपनीच्या एआयने एफ-16 च्या अनुभवी वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये 5-0 असं हरवलं. ‘माणूस हरला’ हा मथळा सगळीकडे झळकला. पण एआयला प्रतिस्पर्ध्याची अचूक जागा सतत कळत होती, आणि ते समोरासमोर येत तोफ डागत होतं. सरावाच्या उड्डाणात टक्कर टाळण्यासाठी असा हल्ला नियमाने बंद असतो. म्हणजे निकाल खरा होता, पण त्या सिम्युलेटरने मांडलेल्या अटींपुरता.

पुढची पायरी सप्टेंबर 2023 मध्ये आली. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर एआय चालवत असलेलं एक्स-62ए विमान, माणसाने उडवलेल्या खऱ्या एफ-16 शी भिडलं. सुरक्षेसाठी त्यात वैमानिक बसलेले होते, आणि या वेळी उड्डाणाचे नियम पाळणं हाही परीक्षेचाच भाग होता.