तर्री कुणाच्या ताटात?

आख्ख्या मसुराचं पातेलं खाली उतरवून दहा मिनिटं न ढवळता ठेवलं, की त्यात दोन थर दिसायला लागतात. तळाशी मसूर आणि दाट रस्सा, वर तांबडी तर्री. तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण ०.९२, म्हणून ते वर येतं. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही, म्हणून तर्रीला तो रंग. वजन उतरवायला निघालेल्याच्या दृष्टीने ही फार कामाची गोष्ट आहे. पळी वरवर फिरवली तर तेल येतं, तळाला घातली तर मसूर. एकाच कालवणातून, कुणाला काही न बोलता, दोन वेगळी जेवणं वाढता येतात.

होतं मात्र उलटंच. सातारा-सांगलीकडच्या भरल्या घरात एकानं वजन कमी करायचं ठरवलं, की पहिल्या आठवड्यात सगळं पातेलंच बदलतं. फोडणीचं तेल निम्मं होतं, रात्रीचा भात बंद होतो, पोराच्या डब्यातल्या चपातीचं तूप जातं, शेंगदाण्याच्या कुटाचा डबा वरच्या फळीवर चढतो. तिसऱ्या आठवड्यात घरात धुसफूस सुरू होते आणि महिन्याभरात डाएट संपतं. यात दोष चिकाटीचा कमी आणि हिशोबाचा जास्त असतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली भारतीयांसाठी ऊर्जेच्या गरजेचे आकडे सुधारून दिले. ६५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी लागतात. ५५ किलोच्या, जड कष्ट करणाऱ्या बाईला २,७२०. म्हणजे हळदीच्या काढणीला जाणाऱ्या वहिनींना कचेरीत बसणाऱ्या दादांपेक्षा सहाशे कॅलरी जास्त हव्यात. आपल्याकडे मात्र भाकरी वाढताना मोजमाप बरोबर उलटं असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलीची गरज २,०६०, जवळजवळ त्या दादांएवढीच. तेरा ते पंधराच्या मुलाची २,८६०. अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणीला पहिले सहा महिने नेहमीपेक्षा ६०० कॅलरी वर लागतात. वजन कमी करणारे दादा स्वतःसाठी १,६५० चं ताट ठरवतात ते त्यांच्यापुरतं ठीक, पण तेच ताट सगळ्यांसमोर आलं तर वाढत्या वयाचा मुलगा रोज हजारभर कॅलरींनी उपाशी राहतो. तो त्या कुठे भरून काढतो हे कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला विचारावं.

आता पातेल्याचा हिशोब. पाच जणांसाठी पाव किलो आख्खा मसूर धरू: साधारण ७५० कॅलरी आणि ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पाच मोठे चमचे तेल म्हणजे ७० ग्रॅम, ६३० कॅलरी. सुकं खोबरं २५ ग्रॅम, दीडशे. कांदा, टोमॅटो, लसूण मिळून सव्वाशे. बेरीज १,६५०, माणशी ३३०. यात तेल-खोबऱ्याचा वाटा निम्म्याला थोडाच कमी आहे. समजा निम्मं तेल वर तरंगून आलं. ती तर्री, म्हणजे ३१५ कॅलरी, पळीनं वाटीत काढली, तर तळातलं कालवण माणशी २६७ वर येतं. वाटीतली तर्री शेतावर जाणाऱ्या तिघांनी वाटून घेतली तर त्यांचं ताट ३७० च्या पुढे जातं. कालवण एकच, फोडणी एकच, कांदा-लसूण मसाला तोच. चव कुणाचीच गेली नाही.

हे अंदाजाऐवजी मोजून करायचं असेल तर एक दिवस स्वयंपाकघरातला काटा वापरावा. रिकामं पातेलं तोलून त्याचं वजन बुडाशी खडूनं लिहावं. कच्चा माल घालताना तोलावा. शिजल्यावर पातेल्यासकट वजन करून रिकामं वजा करावं. समजा कालवण १,५०० ग्रॅम भरलं, तर ग्रॅमला १.१ कॅलरी, अडीचशे ग्रॅमची वाटी २७५. इथे हमखास चुकतं ते तेलाचं माप: बाटलीतून ‘अंदाजानं’ ओतलेलं तेल मोजलेल्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच निघतं. दुसरी चूक भाकरीची. सत्तर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी २३५ कॅलरीची होते, शंभर ग्रॅमची ३३५. दोन्हीला आपण ‘एक भाकरी’च म्हणतो. एका भाकरीचं कोरडं पीठ मळण्याआधी एकदा काट्यावर ठेवलं की घरातल्या हाताचं माप कळतं, मग रोज तोलायची गरज नाही.

दादांना रोज साडेचारशे कॅलरी कमी करायच्या आहेत. तीन चहांतली दोन-दोन चमचे साखर गेली की १२०. दुपारी बसल्या-बसल्या खाल्लेले मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम) म्हणजे १६५. तर्रीचे साठ. शेवटची अर्धी भाकरी ११५. झाले ४६०, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताटाला हात लागला नाही. चहाची मेख एवढीच की आपल्याकडे साखर आधणातच पडते. आपला कप आधी बिनसाखरेचा गाळून घ्यावा, मग पातेल्यात साखर टाकून पुन्हा एक उकळी आणावी. म्हाताऱ्या माणसांना वरून ढवळलेल्या साखरेचा चहा आवडत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे. साखरेऐवजी कराडचा गूळ घातला म्हणून कॅलरी वाचत नाहीत, दोघांत फरक किरकोळ आहे.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, असं मॅक्स विश्नॉफ्स्की यांच्या १९५८ च्या हिशोबावरून धरतात. त्या मानानं रोज ४६० ची तूट महिन्याला कागदावर पावणेदोन किलो होते. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते. इथे माणसं घाबरतात आणि घरच्यांच्या स्वयंपाकावर खापर फोडतात.

खापर फोडण्यामागे शरीरशास्त्रही आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. त्यांचं वजन जवळजवळ चौथाईनं घटलं, पण जास्त बोलकं होतं ते त्यांचं वागणं. दिवसभर खाण्याचेच विचार, पाककृतींची पुस्तकं जमवणं, ताटं चाटून पुसणं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रिया सुमित्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की वजन उतरवल्यानंतर वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वर आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन खाली राहतं. शेजारच्या ताटातली तिसरी भाकरी डोळ्यांत खुपते ती अशी. ‘एवढं कशाला खातोस?’ हे वाक्य पुष्कळदा काळजीतून कमी आणि घ्रेलिनमधून जास्त आलेलं असतं. ते ओठांवर आलं की पाण्याचा तांब्या जवळ ओढावा.

कारण बोलून उपयोग होत नाही, याचाही अभ्यास झालेला आहे. जेनिफर फिशर आणि लीन बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांसमोर एक खाऊ ठेवला पण तो ठरावीक वेळीच खायला दिला. मुलांचं लक्ष त्याच खाऊवर जास्त गेलं, मागणीही त्याचीच वाढली. भडंगाचा डबा लपवणाऱ्या घरात मूल भडंगच मागतं.

उलट, न बोलता काय होतं? कनेटिकट विद्यापीठातल्या एमी गोरिन यांनी १३० जोडप्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. वजन कमी करण्याची मदत जोडप्यातल्या एकालाच दिली, दुसऱ्याला नाही. सहा महिन्यांनी त्या ‘दुसऱ्यां’पैकी जवळजवळ एकतृतीयांश जणांचं वजन तीन टक्के किंवा अधिक उतरलं होतं. सत्तर किलोच्या माणसाचे दोन किलो. घरात काय आणलं जातं, किती शिजतं, जेवल्यावर कोण चालायला निघतं, याचा असर भाषणाशिवायच होतो.

वजन नुसत्या नजरेनं तोलण्यातही फसगत आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तेव्हा जाडसर दिसणाऱ्या जाऊबाईंना सल्ला आणि सडपातळ भावजींना मोकळीक, हा न्याय शास्त्राला धरून नाही. भारतीयांसाठी २३ च्या पुढचा बीएमआय जास्त वजनात धरतात. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. टेप फक्त आपल्याच कमरेला लावावा.

एका बाबतीत मात्र गप्प बसून चालणार नाही. घरात कुणी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेत असेल आणि सुनेनं रात्रीचं जेवण बंद केलं म्हणून आजोबांचंही जेवण हलकं झालं, तर औषध तेवढंच आणि भाकरी निम्मी अशी गाठ पडते. मग रक्तातली साखर फार उतरते: पहाटे दरदरून घाम, हातपाय थरथरणं, भ्रमिष्टासारखं बोलणं. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, तरी खाली असेल तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. मधुमेहाच्याच मेटफॉर्मिन या गोळीवर, ती एकटीच चालू असेल तर, असं क्वचितच होतं. जेवणाचं माप बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळीचं माप बदलून घ्यावं. सत्तरीच्या माणसाचं वजन आपोआप उतरत असेल तर त्यात स्नायूही जात असतात, त्याचं कौतुक करू नये.

प्रथिनांवरून वेगळाच तिढा पडतो. डाएट म्हटलं की अंडी आली, आणि घरात गळ्यात माळ असलेल्या सासूबाई असतात. ज्यांच्या दाराजवळून लोणंद-फलटणच्या वाटेनं माउलींची पालखी जाते, त्यांच्या चुलीवर अंडं उकडायचा हट्ट धरायचं कारण नाही. दोन अंड्यांत १२-१३ ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढीच पंचावन्न-साठ ग्रॅम कोरड्या मसुरात किंवा पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत मिळतात. अंडीच हवी असतील तर वेगळं पातेलं, वेगळी जागा, आणि ते भांडं आपलं आपण घासायचं. उपासाच्या दिवशी सासूबाईंच्या साबुदाण्याच्या खिचडीतल्या कॅलरी मोजून दाखवणं हा याच चुकीचा दुसरा प्रकार.

राहिला आग्रह. पंगतीत माणूस एकट्यापेक्षा जास्त खातो. जॉन डी कॅस्ट्रो यांच्या १९८९ च्या नोंदींत चारचौघांतलं जेवण सुमारे ४४ टक्के मोठं निघालं. आपल्याकडे त्यात वाढणारा हात मिळवा. हा हात रिकामी जागा शोधतो. म्हणून ताटात अर्धी भाकरी आणि वाटीत तळाला कालवण शेवटपर्यंत ठेवावं, सावकाश खावं. ‘मी डाएटवर आहे’ म्हटलं की पंगतीत चर्चा सुरू होते, वाढणारीला आपल्या हाताचंच काहीतरी चुकलं असं वाटतं. ‘वाढा की, पण अर्धी’ किंवा ‘आहे अजून पानात, मागून घेतो आत्या’ एवढ्यावर भागतं. ‘यात तेल किती घातलंय?’ हे विचारूच नये.

जत्रेच्या मटणानंतर दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दाखवतो. दीड किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, तेवढं एका रात्रीत कुणी खात नाही. मिठानं धरून ठेवलेलं पाणी, भाताबरोबर साठलेलं ग्लायकोजेन (शरीरानं साठवून ठेवलेली साखर) आणि त्याच्या तिप्पट पाणी, आणि आतड्यातलं अन्न, एवढंच ते असतं. तीन-चार दिवस नेहमीचं जेवल्यावर निघून जातं. यजमानीणबाईंना त्या दीड किलोबद्दल ऐकवू नये. त्यांनी पहाटे चारपासून येसूर भाजलेला असतो.

आणि साताऱ्याहून पाहुणे कंदी पेढे घेऊन येतातच. वीस-पंचवीस ग्रॅमचा एक पेढा ८० ते १०० कॅलरींचा. खोका समोर आला की एक उचलावा, अर्धा मोडून शेजारच्या पोराच्या हातावर ठेवावा, उरलेला त्यांच्यासमोरच खावा. मग खोका स्टीलच्या डब्यात, आणि डबा सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. फक्त आपण जिथे बसून चहा पितो तिथून हात पोचणार नाही इतका लांब.